चष्मेवाल्याची लेक

तिने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोरच्या लॉन्ड्रीची पाटी वाचली. मग डावा झाकला. मग दोन्ही उघडे ठेवून, पापणीही न लववता, पुन्हा तीच पाटी. सकाळी अक्षरं स्वच्छ होती. आता त्यांना पिसं फुटली होती.

"अगं, दृष्ट लागेल त्या पाटीला," आई म्हणाली. "थेंब घातलेस का?"

"घातले. सारखं काय थेंब थेंब."

डोळ्यांचं लेसर होऊन आठवडा झाला होता. थोडे दिवस कमीजास्त दिसेल, धीर धरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; पण धीर हा माल या घरात कधी मिळालाच नाही. खिडकी, पलंग, पुन्हा खिडकी, अशा तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. अग्निशमन दलाच्या भरतीत ती धावण्यात, शिडीवर, दोरावर, सगळीकडे पास झाली होती. उरली होती डोळ्यांची तपासणी, आणि तिथे चष्मा चालत नव्हता.

खाली दुकानात बाबा चष्मे विकत होते. एकुलत्या एका लेकीने हे दुकान पुढे चालवावं, एवढी एकच हौस त्यांनी बाळगली होती. तिचे शाळेपासूनचे सगळे चष्मे त्यांनी स्वतः काचा घासून बसवलेले. लेसरचं कळलं तेव्हा, "चष्मेवाल्याच्याच घरात चष्म्याचं वावडं," एवढं म्हणाले आणि तेव्हापासून तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

दुपार कलली तशी पाटीची खालची ओळ पार धुरकट झाली. मग मात्र तिला राहवेना. ती तरातरा जिना उतरली, मागोमाग आई.

"बाबा, माझा नंबर परत आलाय. तपासा."

बाबांनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. भिंगांची पेटी उघडली आणि तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर चढवली.

"डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

पेटीत काचा किणकिणत राहिल्या. तिचा पाय खुर्चीखाली नाचत होता.

"पाय हलवू नकोस."

पाय थांबला, पण मिटल्या पापण्यांखाली पाणी जमलं. तिला रडायचं नव्हतं, तरी जमलं. काचा मात्र किणकिणतच होत्या.

"हं, उघड आता. वाच."

भिंतीवरचा तक्ता तिने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत न अडखळता वाचला. आणि तिचे खांदेच पडले.

"म्हणजे या काचांनीच दिसतंय. आहेच नंबर."

बाबांनी पेटीतली एक काच उचलली.

"करा मग चष्मा. भरतीवाल्यांना कळवते, येत नाही म्हणून." तिने नाक ओढलं. "बसेन दुकानात. तुमच्या मनासारखं."

आईने बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. ते हातातली एक काच पुसत राहिले, स्वच्छ झालेली काच पुन्हा पुन्हा.

मग काच खाली ठेवून त्यांनी चौकटीच्या गोलातून तर्जनी आरपार घातली आणि अलगद तिच्या भुवईला टेकवली.

"काच घातलेलीच नाही यात."

तिने दुसऱ्या गोलातून स्वतःचं बोट घालून पाहिलं.

"दिवसभर डोळे वटारून बसल्यावर ते कोरडे पडणार नाहीत तर काय? मिटलेस, ओले झाले, दिसायला लागलं. नंबरबिंबर काही नाही तुला."

"मग वाचून झाल्या झाल्या का नाही सांगितलंत?" आई रागावलीच. "पोरगी किती घाबरली होती."

बाबांनी तिच्या नाकावरची चौकट काढली, पेटीत ठेवली.

"दुकानात बसेन म्हणाली ना," ते म्हणाले. "ऐकून घेतलं एकदा. तेवढं पुरे मला."

ते शटर ओढायला गेले. ती मात्र गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसूनच राहिली.