अंजिराची मुळं

गवंड्याने जरा तोंड सांभाळून बोलावं. पण ताईच्या या धाकट्या भावाला कोण सांगणार? ताईच्या परसात चढावरची माती अडवायला आठ वर्षांपूर्वी त्यानेच भिंत बांधली होती. यंदा तिला तडा गेला, तेव्हा त्याने उभ्या उभ्या एक नजर टाकली आणि छातीठोकपणे सांगितलं, "वरच्या अंजिराचा प्रताप आहे हा. मूळ शिरलं की खडक फोडतं, भिंतीचं काय घेऊन बसलीस. तोडून टाक झाड."

झाड ताईच्या नवऱ्याने लावलेलं. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, पण रोजचा चहा ताई अजून त्या झाडाच्याच सावलीत घ्यायची. ताई दोन दिवस नीट जेवली नाही, पण भावाचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. झाड तोडलं.

महिन्याभराने तीन दिवस पावसाची झड लागली आणि भिंत आडवी झाली.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. भाऊ फावडं घेऊन ढिगारा उपसायला लागला. भिंतीत मुळाचा मागमूस नव्हता. मुळं दोन हात मागेच थांबली होती. त्यांनी खालचा खडक फोडला होता खरा, पण फोडलेला घट्ट धरूनही ठेवला होता. बुंध्याभोवतीची तेवढीच माती जागची हलली नव्हती. भिंतीचे दगड मात्र पाठीमागून भुसभुशीत, नखाने खरवडले तरी माती होत होती. आठ वर्षं पाणी मागे तुंबून त्यांना खात होतं. पाणी जायची भोकं त्यानेच बुजवली होती, गिलाव्यावर ओघळ दिसायला नकोत म्हणून. गुळगुळीत भिंतीची लोकांनी तारीफ केली होती, तीही नेमकी आत्ता आठवली. त्याचे कान तापले.

पायाशी छाटलेल्या मुळाचा तुकडा पडला होता. दगडांच्या फटीत कोंबला असता तर कुणाला काडीचाही संशय आला नसता. त्याने तो उचललाही.

"सापडली का रे मुळं?" ताईने दारातून विचारलं.

त्याने तुकडा टाकून दिला. "नाही ताई. पाण्याची भोकं मी बुजवली होती. झाडाने काही केलं नव्हतं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. मग रोजच्यासारखी चहाचा कप आणि खुर्ची घेऊन वर गेली, उरलेल्या बुंध्यापाशी बसली आणि कपाळावर हात आडवा धरून उन्हात चहा पिऊ लागली.