ऑनरचा बाक

ठरावाचा कागद शुक्रवारी दुपारी आला. फर्सी लवेल गेली सात वर्षं किलमोऱ्याचं साप्ताहिक चालवत होता, दोन वर्षं पार्लमेंटात बसत होता. दोन्हीकडे त्याचं सांगणं एकच: जमीनदाराने ज्याला घराबाहेर काढलं, त्याची जमीन दुसऱ्या कुणी कसायला धरू नये. धरणाऱ्याचं नाव शेतकरी संघाच्या ठरावात येई, ठराव पेपरात येई, आणि मग त्या घराला कुणी पाव विकत नसे, की बरंवाईट विचारत नसे.

कागदावर नाव होतं थेडी रूर्क. फर्सीच्या बहिणीचा नवरा.

छापखान्यात खिळे जुळवणारा म्हातारा बार्टली मान वर न करता म्हणाला, "संघाला जागा नाही म्हणून कळवू? बाजारभावांचे रकाने लांबलेत म्हणावं."

"आजवर कुणासाठी लांबले होते का?"

"नाही."

"मग जुळव."

संध्याकाळी बहीण ऑनर आली, मागच्या दाराने. हिनेच लहानपणी त्याला पाठुंगळी घेऊन दलदलीतून शाळेत पोचवलं होतं.

"थेडीला हाव नव्हती रे. आमचा तुकडा नुसता दगडांचा, आणि पोरं तीन."

"ज्याला काढलं, त्याला पाच आहेत."

"त्याची मोजलीस. माझी कधी मोजली होतीस?" ती दारातच थांबली. "तू छापणार, ठाऊक आहे मला. पण रविवारी मी चर्चला येणार. एवढंच सांगायला आले."

शनिवारी अंक निघाला. रविवारी ती एकटीच आली, आपल्या नेहमीच्या बाकावर बसली. शेजारीण उठली, मग तिच्या पलीकडची, आणि सगळा बाक मोकळा झाला. फर्सी पुढच्या रांगेतून उठला. त्याचे बूट सगळ्या चर्चला ऐकू गेले. ऑनरने वळून पाहिलं नाही. फक्त शाल आवरून घेतली, तेवढीच जागा, तेवढीच माया.

बाहेर संघाचा चिटणीस अल्टन वाट अडवून उभा होता. "निवडणुकीला पुन्हा उभं राहायचंय ना, लवेलसाहेब?"

"हो."

"मग हे काय केलंत?"

"बहिणीशेजारी बसलो."

"नियम तुम्हीच घातलात."

"मग करा ठराव. शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर अंकात जायचा नाही."

ठराव गुरुवारीच आला. बार्टलीने वाचला आणि बाजूला ठेवला. "हे माझ्या हातून व्हायचं नाही."

फर्सीने बाह्या वर केल्या आणि स्वतःचं नाव एकेक अक्षर उचलून जुळवायला घेतलं.

"टाइप कुठला?" बार्टलीने शेवटी विचारलं.

"थेडीला लावला होतास तोच."