गाळ उपसलेलं तळं

"मास्तर, तो पंप बंद करा आधी! तळं म्हणजे काय तुमच्या घरचा हंडा आहे, घासून पालथा घालायला?"

थोरली काकू गुडघाभर चिखलात उभी राहून बोलत होती. तिची चाळीस बदकं मागे दाटीनं उभी होती. त्यांच्या अंड्यांवर तिचं घर चालायचं. चिखलापासून चार हात दूर, बांधावर, पांढऱ्या कपड्यांतले मास्तर कागद धरून उभे होते. निवृत्तीनंतर त्यांचा वर्ग सुटला होता. म्हणून त्यांनी अख्खं गावच बाकावर बसवलं होतं. स्वच्छ तळ्याच्या स्पर्धेसाठी काठावर फलक लागायचा होता. डावीकडे सजीव घटक, उजवीकडे निर्जीव.

"वहिनी, शास्त्र समजून घ्या. मासे, बदकं, कमळं सजीव. पाणी, हवा, ऊन निर्जीव, पण कामाचं. गाळ निर्जीव, अन् वर बिनकामाचा. तो गेला की सजीवांना जागा होते."

काकूनं वाकून ओंजळभर गाळ उचलला आणि बांधावर चढून त्यांच्या नाकाखाली धरला. त्यात तीन गोगलगायी होत्या, एक कुजकं पान होतं आणि लाल अळी वळवळत होती.

"हे कुठं लिहिता? डावीकडं का उजवीकडं?"

मास्तरांनी रुमाल काढला. "हे किरकोळ आहे. कागदावर नाही."

"मग कागदच किरकोळ असेल."

लोक खदखदून हसले. पंप मात्र कुणी थांबवला नाही. आमच्या गावाचं शहाणपण हसण्यापुरतंच असतं. हसू ओसरलं की ते पुन्हा पांढऱ्या कपड्यांच्या मागे जाऊन उभं राहतं.

आठ दिवसांत तळ खरवडून निघाला. पानांचं, पिसांचं, किती पावसाळ्यांचं ते सावकाश शिजलेलं काळं अन्न ट्रॉल्या भरभरून वीटभट्टीवर गेलं. मग कालव्याचं पाणी सोडलं. ते इतकं नितळ होतं, की तळाचा खडा न् खडा दिसे आणि खड्यांखेरीज काहीच दिसत नसे. हौदात राखलेले मासे परत सोडले, ते पंधरवड्यात उलटे होऊन तरंगले. ते पहाटेच गोळा करून पुरले आणि परीक्षकांना निळं पाणी दाखवलं. बक्षीस मिळालं. मास्तरांचा फोटो निघाला. मागे ते देखणं, उपाशी पाणी.

बदकं बुड्या मारत आणि रिकाम्या चोची घेऊन वर येत. गोगलगायींचे शंख पोटात जाईनात, तशी अंड्यांची कवचं पातळ झाली. हातात घेतलेलं अंडं भिजल्या पुठ्ठ्यासारखं दबे. अंडीवाल्यानं सलग तीन टोपल्या परत पाठवल्या. चौथी काकूनं भरलीच नाही. भर सकाळी तिनं चाळीसही बदकं रस्त्यातून हाकत बहिणीच्या गावी नेली. तिथलं तळं हिरवं, घाणेरडं होतं. कुठल्याच स्पर्धेत त्याचं नाव नव्हतं.

आमच्या नितळ पाण्यात डासांच्या अळ्या खायला कुणी उरलं नव्हतं. महिन्याभरात गावभर डास झाले. शेवटी मास्तर काकूच्या बहिणीच्या गावी आले. मी तिथल्या तळ्यावर काकूला जेवण द्यायला गेलो होतो. मास्तरांच्या कोपरापर्यंत गांध्या उठल्या होत्या.

"वहिनी, झालं गेलं सोडा. बदकं परत आणा. लोक फार हैराण आहेत."

"लोक? हसत होते तेच ना?" काकूनं मान वळवली नाही. "आणते. गाळ परत टाका."

"तो... भट्टीत गेला. विटा झाल्या त्याच्या."

"बैल गेला अन् झोपा केला! मग विटांना विचारा, अंडी देतात का."

"निदान दहा तरी द्या. गावच्या समितीच्या वतीनं विनंती करतो."

जीभ टाळ्याला लावून काकूनं नुसता टक् असा आवाज काढला. सगळी बदकं घरंगळत पाण्यात उतरली, गाळाच्या वासावर एकदम डोकं खाली करून उलटी झाली, आणि चाळीस शेपट्या मास्तरांच्या तोंडासमोर ताठ उभ्या राहिल्या.