धडधाकट डोळे कोणाचे?

माझ्या धाकट्या बहिणीला, अपूर्वाला, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूच्या आणि डोळ्यांच्या नसांवर उलटते. डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढून हा आजार कितपत सरकलाय ते पाहायचा एक अभ्यास इथल्या एका रुग्णालयात चालू आहे. तुलनेसाठी त्यांना धडधाकट माणसंही हवी होती. अपूर्वाने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मला, म्हणजे नम्रताला, विचारायची पद्धत आमच्या घरात नाहीच.

तपासणीनंतर अभ्यास करणारे डॉक्टर पियुष अपूर्वाला म्हणाले, फोटो छान आहेत, नसांचा थर जाड आहे, रक्तवाहिन्याही भरपूर आहेत. तिने येताना मंडईतून अंजिरं आणली आणि आमच्या वारज्याच्या अख्ख्या बिल्डिंगला वाटली.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "मॅडम, तुमच्या डाव्या डोळ्यातला थर बराच पातळ दिसतोय. बारीक रक्तवाहिन्याही कमी आहेत. परत एकदा येता का?"

मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला? मला तर चष्मासुद्धा नाही. एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग दुसरा झाकून. दोन्हींनी एकादशी नीट दिसली.

मग आठवलं. त्या दिवशी मला वाघोलीच्या कॉलेजात तासाला पोचायचं होतं. "ताई, माझ्या नंबरावर तू जा, मी मागून जाते," असं अपूर्वा म्हणाली होती. पुण्यात रांगेत कोणी पुढे सोडलं तर माणूस चौकशा करत बसत नाही. आतून तिच्या नावाची हाक आली, मी उठले, यंत्रावर हनुवटी टेकवली आणि काम उरकून पळाले. नाव बदलून घ्या, असं सांगितलं होतं का मी? काही केल्या आठवेना.

म्हणजे फोटोंची अदलाबदल झाली असणार! मला इतकं हायसं वाटलं की लगेच स्वतःचीच लाज वाटली. चूक झाली असावी म्हणावं, तर पातळ थर अपूर्वाचा. चूक नसावी म्हणावं, तर माझा. देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय तेच समजेना. तशीच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. या वेळी नावं विचारून, ओळखपत्रं पाहून फोटो काढले. डॉक्टर पियुष बाहेर आले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "माफ करा. अदलाबदलच झाली होती. तुमचे डोळे उत्तम आहेत."

अपूर्वाकडे बघायचं माझ्याने होईना. तिनेच माझा हात धरला.

"मला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"ते छान आहेत म्हणाले ना, तेव्हाच. माझ्या डाव्या डोळ्याने तुझा चेहरासुद्धा धड दिसत नाही गं. पण आजारी पडल्यापासून मला छान असं कोणी म्हणालंच नव्हतं. म्हटलं, राहू दे चार दिवस. तुला फोन करतील असं डोक्यातच आलं नाही."

हिच्यावर ओरडावं की हिला जवळ घ्यावं, मला कळेना. ती माझ्या उजव्या बाजूने उठून डाव्या बाजूला येऊन बसली आणि तिच्या चांगल्या, उजव्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघू लागली.