जांभळं झाकण

आयडाबेल क्राउस गेल्याची बातमी आली तेव्हा अर्डिथ पॉवेलला आधी झाकण आठवलं आणि मग आयडाबेल. तिला स्वतःची थोडी लाज वाटली, पण फार नाही. ओहायो नदीच्या त्या काठावर जुनी काच जमवणाऱ्या बायका एकमेकींच्या आजारपणात सूप घेऊन जातात आणि एकमेकींच्या मरणावर टपूनही असतात. दोन्ही अगदी मनापासून.

अर्डिथकडे साच्यात दाबून घडवलेल्या जुन्या काचेची भांडी कपाटात मावत नव्हती. लोणी ठेवायची, साखरेची, लोणच्याची, केक मांडायची. पण जीव अडकला होता तो एकाच भांड्यात. उंच पायाचं, मध्यम कलिंगडाएवढं गोल, आणि पोटाभोवती फुगीर भिंगांच्या रांगा. जमवणारे या नक्षीला बैलडोळा म्हणतात. एका तबेल्याच्या लिलावात गंजक्या खिळ्यांखाली तिला ते सापडलं होतं. त्याला झाकण मात्र नव्हतं. झाकण होतं नदीपलीकडे, आयडाबेलच्या खिडकीत. तीस वर्षं दोघी एकमेकींना म्हणत आल्या, “तुझं मला विक,” आणि तीस वर्षं दोघींनी ऐकलं नाही.

त्यात एक पंचाईत होती. काच पाण्यासारखी नितळ दिसावी म्हणून पूर्वी भट्टीत मँगनीज टाकत, आणि तशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडते. आयडाबेलचं झाकण फिक्या जांभळासारखं झालं होतं. अर्डिथचं भांडं पांढरं स्वच्छ. असं विजोड जोडपं टेबलावर मांडलं असतं तर बायका हसल्या असत्या. म्हणून आयडाबेल उन्हाळा बघणार नाही असं डॉक्टर बोलल्याचं कानावर आलं, त्याच आठवड्यात अर्डिथनं भांडं कपाटातून काढून दक्षिणेच्या खिडकीत ठेवलं. झाकण हाती येईपर्यंत भांड्याला निदान रंगाची झाक तरी यावी. मांजरानं धक्का देऊन पाडू नये म्हणून तिनं ते काठोकाठ पाण्यानं भरलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कल असायला हरकत नव्हती.

त्याच खिडकीशी तिचा नवरा बसायचा. मर्लनं उभा जन्म नदीवर मालाचे तराफे ढकलणारी बोट हाकली होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि डावं अंग गेलं, वाचाही गेली. एकच शब्द उरला, “नाही.” होकारालाही तोच आणि रागालाही तोच, सूर बदलायचा एवढंच. अर्डिथ त्याला चाकाच्या खुर्चीत बसवायची, घसरू नये म्हणून कमरेला पट्टा आवळायची, पायांवर लोकरीचं पांघरूण दोन्ही बाजूंनी खोचायची आणि डावं अंग खिडकीला लागेल अशी खुर्ची उभी करून चाकांना खीळ लावायची. मान वळवली की त्याला नदी दिसायची. उजवा हात तेवढा धड होता. त्या हातानं तो जेवायचा, पत्ते खेळायचा, आणि रात्री तिचा हात धरून झोपायचा. तो हात आहे तोवर आपला माणूस आहे, असं अर्डिथ चर्चमधल्या बायकांना सांगायची.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास खुर्चीच्या डाव्या हातावर तिला तीन डाग दिसले. तपकिरी, वाटाण्याएवढे, एका ओळीत. तिनं नखानं खरवडून पाहिलं. रेक्झिन जळलं होतं.

संशय सरळ हॉलिसवर गेला. हॉलिस मर्लचा धाकटा भाऊ. दुपारी पत्ते खेळायला यायचा आणि त्याच्या कोटाला सिगारेटचा वास असायचा.

“तू त्याला सिगारेट देतोस?” तिनं दारातच धरलं.

“मी? मी स्वतः व्हरांड्यात जाऊन ओढतो. थंडीत कुडकुडत. तुझ्या भीतीनं!”

“मग हे काय? उंदरांनी ओढली?”

“तुझी मांजर बघ. तिची नजर मला पहिल्यापासून ठीक वाटत नाही.”

अर्डिथ हसली नाही. पुढच्या आठवड्यात मर्लच्या डाव्या बाहीवर दोन भोकं पडली आणि आतल्या कातडीवर फोड आला. त्या हाताला त्याला काहीच कळत नव्हतं. निखारा ठेवला तरी कळलं नसतं. तिनं त्याचं तोंड हुंगलं, खिसे उलटे केले. ना सिगारेट, ना काडी.

मग तिनं लक्ष ठेवलं. हॉलिस आला त्या दिवशी डाग. हॉलिस आला नाही, डाग नाही. हिशेब चोख होता. हॉलिसची जुनी गाडी बर्फात टेकडी चढत नसे, म्हणून तो लख्ख उघडीप असलेल्या दिवशीच येई, ही गोष्ट हिशेबात धरायचं तिला सुचलं नाही.

मर्ल सांगायचा प्रयत्न करत होता. “नाही, नाही,” म्हणत काठी उचलायचा आणि खिडकीकडे रोखायचा. काठी त्याच्याजवळ असायची, दिव्याची कळ दाबायला, मांजर हाकलायला.

“नदी दिसतेय ना? मग?” अर्डिथ म्हणायची.

“नाही!”

एका दुपारी आवाज झाला म्हणून ती स्वयंपाकघरातून धावत आली. त्यानं भांड्यावर काठी हाणली होती. नेम चुकला होता आणि शेजारची छोटी मीठदाणी फुटून पडली होती. दुसऱ्या वारासाठी काठी वर गेलेली होती. अर्डिथनं ती वरच्यावर धरली.

“मर्ल पॉवेल! सगळं करते तुझं. धुते, पुसते, रांधते. माझं एवढं एक सुख तुला बघवत नाही?”

“नाही,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो रागानं रडतोय असं तिला वाटलं. झटका आलेली माणसं अशी होतात, डॉक्टरांनी बजावलंच होतं. काठी तिनं स्वयंपाकघराच्या दाराआड नेऊन ठेवली, आणि हॉलिसला फोनवर सांगितलं की नाताळ होईपर्यंत पाऊल टाकू नकोस.

“अर्डिथ, तो एकटा बसेल दिवसभर.”

“जळून मरण्यापेक्षा बरं.”

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! आणि नशीब कसं, त्यानंतरचा सगळा आठवडा आभाळ राखेच्या रंगाचं राहिलं. एक डाग पडला नाही. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” ती मर्लला म्हणाली. मर्ल आभाळाकडे बघत होता, बोटीवर असताना पुराच्या दिवसांत बघायचा तसा.

आयडाबेलच्या सामानाचा लिलाव शनिवारी ठेवला होता. शनिवारी सकाळी आभाळ मोकळं झालं आणि बर्फावर असं ऊन पडलं की डोळे उघडवेनात. अर्डिथनं मर्लला दाढी करून बसवलं, पट्टा आवळला, पांघरूण नीट खोचलं.

“दोन तासांत येते. झाकण घेऊनच येते.”

त्यानं उजव्या हातानं तिची बाही पकडली. “नाही. नाही, नाही.”

“हो रे, मलाही करमणार नाही,” ती लाडानं म्हणाली आणि एकेक बोट सोडवून निघाली. त्या पकडीची ताकद तिला गाडीत बसेपर्यंत मनगटावर जाणवत होती.

लिलाव आयडाबेलच्या दिवाणखान्यातच होता. बर्फाचे बूट, ओले कोट, मागच्या खोलीत चर्चच्या बायकांचं घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव. लिलाव पुकारणाऱ्याला सगळे कर्नल म्हणायचे. तो कधी सैन्यात नव्हता. झाकण खिडकीतच ठेवलेलं होतं, वर आयडाबेलचं चौकड्याचं फडकं. अर्डिथला ते फडकं चांगलं ठाऊक होतं. ती दुपारी भेटायला आली की आयडाबेल घाईघाईनं उठून झाकणावर ते टाकायची. जशी काही माझी दृष्टच लागणार होती, कवडीचुंबक मेली, असं अर्डिथ दर वेळी मनात म्हणायची.

बोली फार ताणली गेली नाही. सगळ्यांना माहीत होतं ते कुणाचं व्हायचं. “दिलं!” कर्नल ओरडला. “अर्डिथ, पोरी, लग्न लागलं एकदाचं. उचल नवरी.”

लोक हसले. अर्डिथही हसली, आनंदानं तिचे कान तापले. तिनं फडकं बाजूला केलं आणि झाकण दोन्ही हातांनी उचललं.

खाली खिडकीच्या लाकडावर डाग होते. तपकिरी, वाटाण्याएवढे, एका ओळीत. त्यामागे आणखी एक ओळ, जुनी, काळी पडलेली.

आयडाबेलही चोरून ओढायची की काय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. एवढाच वेळ ती सुखात होती.

“तेवढं मात्र सांभाळ,” कर्नल तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. “दुपारचं ऊन खाली आलं की फडकं टाकायचं. हे डोळे म्हणजे भिंगंच. हिचा एक पडदा गेला होता असाच. तुझ्याकडेही आहेच की बैलडोळा, तुला काय सांगायचं.”

तिच्या हातातल्या झाकणातून ऊन तिच्याच कोटावर पडलं होतं. लहान, पांढरे ठिपके, एका ओळीत. ते चटके कोटातून आत पोचायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं. हॉलिस, काठी, राखेच्या रंगाचा आठवडा.

“वाजले किती?” ती म्हणाली.

“बारा होऊन गेले. सूप घे ना.”

झाकण तिनं कुठे ठेवलं ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. पुलावर गाडी घसरत होती आणि ती मोठ्यानं “नाही, नाही” म्हणत होती, त्याचाच शब्द. वळणावरून घर दिसलं. धूर नव्हता. खिडकी नुसती चमकत होती. देवा, ढग आण, एक ढग आण, असं म्हणत तिनं दार उघडलं आणि लोकर जळल्याचा वास आला. त्या वासाखाली दुसराही एक वास होता.

मर्ल खुर्चीत होता, जिवंत होता. खोचलेलं पांघरूण त्यानं मांडीपाशी ओढून ओढून फाडलं होतं, पण पट्टा सुटला नव्हता. डाव्या मांडीवर लोकरीला काळी कड आलेली होती आणि त्याच्या पुढे, जिथे आता ऊन होतं तिथे, त्यानं उजवा हात आडवा धरला होता. तळवा वर, उन्हाकडे. ठिपका सरकेल तसा हात सरकवत. त्याचा चेहरा घामानं भिजलेला होता आणि ओठ नुसते हलत होते.

अर्डिथनं हाताच्या फटक्यानं भांडं खाली पाडलं. पाणी सगळीकडे झालं. जुनी जाड काच, फुटली नाही. गडगडत टेबलाखाली गेली आणि तिथे थांबली. तिनं पट्टा सोडला, ओला टॉवेल आणला, त्या हाताला गुंडाळताना तळव्याकडे पाहिलं आणि परत पाहू शकली नाही.

“मी मूर्ख आहे, मर्ल. मी आंधळी आहे,” ती म्हणत राहिली. मग काय करावं ते न सुचून ती स्वयंपाकघरात धावली आणि दाराआडची काठी घेऊन आली. “ही घे. फोड ते. सगळं कपाट फोड.”

तिनं काठी त्याच्या हातात दिली. त्यानं बोटं मिटायचा प्रयत्न केला. काठी ओल्या जमिनीवर पडली.

तिनं ती परत दिली. परत पडली.

“नाही,” मर्ल म्हणाला. या खेपेला त्याचा अर्थ नाही असाच होता.