राकेशच्या टेबलावरची उदबत्ती

दुपारी घर चिडीचूप होतं, आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला पंखा घरघरायला लागला. आधी बारीक, मग पिठाच्या गिरणीसारखा. सुयशच्या हातातला घास तसाच राहिला. पंखा असा ओरडायला लागला की बाबा जाणार, हे त्याला आता कळतं.

पडद्यावर राकेश फळ्यापुढे उभा होता. "आठ आणि पाच तेरा. तेराचे तीन खाली मांडले, आणि हातचा..."

टक्. पडदा काळा.

"एक," सुयशने वाक्य पुरं केलं आणि घास तोंडात घातला.

राकेश तिसरीच्या वर्गाचा मास्तर. शाळा बंद होत्या त्या काळात याच भिंतीला फळा टांगून तो धडे रेकॉर्ड करायचा. एका धड्यात रांगता सुयश मध्येच येतो, राकेश त्याला उचलून घेतो आणि म्हणतो, "हा आपला नवा विद्यार्थी. याला अजून नीट बसता येत नाही, पण याचं नाव हजेरीत घेऊ." पालकांच्या फोनवर गेलेले धडे कधीच पुसले गेले असतील. उरलेत ते या कॉम्प्युटरमध्ये. गेल्या थंडीत राकेश झोपेतच गेला. सुयशला बाबांचा आवाज आता ऐकायला मिळतो तो इथेच.

मी ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला बसले होते. दोन धडे उतरले, तिसऱ्याला मशीन बंद पडलं आणि ती फाइल पुन्हा उघडलीच नाही. तेव्हापासून हात लावायची भीती बसली. माझा भाऊ हर्षल पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामात आहे, त्याला फोन केला.

"ताई, व्होल्टेज बघितलंस?"

"प्लग बदलला. फ्रिज व्यवस्थित चालतोय त्याच बोर्डावर."

"मग हार्ड डिस्क काढ आणि दे पाठवून."

"कुरिअरने? नाही."

"अगं, सोनं आहे का त्यात?" तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "सॉरी ताई. बरं, ऐक. असं एकदम बंद पडत राहिलं तर डिस्क जाईल. चालू केल्यावर सेटिंगच्या स्क्रीनवर जा, तिथे तापमान दिसतं. ते बघ आधी."

दुपारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई आक्काबाई, झोपतात, सुयशही लवंडतो. तेवढाच वेळ माझा. आकडा बघत बसले. काही न करताही तो दुधासारखा वर चढत होता. राकेश गेल्यावर आईंनी कॅबिनेटवर धुळीसाठी त्याचा टॉवेल पांघरला होता, तो काढला. तरी बंद. दुसऱ्या दिवशी बाजूचा पत्रा उघडून समोर टेबलफॅन लावला, तेव्हा जरा जास्त टिकला. म्हणजे वीज नव्हे, उष्णताच. आतून निघत नव्हती.

"आई, तो मेला का?" सुयश उठून दारात उभा होता.

"नाही रे बाळा. गरम झाला की तो स्वतःच बंद होतो. थंड झाला की पुन्हा चालू होतो."

"नक्की?"

"नक्की. बघ हं आता." आणि झालाही चालू. सुयशने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या दुपारी आतला पंखा खोलला. खाली धातूच्या पात्यांची जाळी असते, तिच्यातून वारा जायचा असतो. ती दिसतच नव्हती. वर तपकिरी, चिकट गादी बसली होती, बोटाला तेलकट लागणारी. धूळ अशी नसते. नाकाशी नेली आणि तशीच बसून राहिले.

चंदनाची उदबत्ती.

राकेशचा फोटो याच टेबलाच्या वर आहे. रोज बुद्धवंदना झाली की आई इथे, कॅबिनेटच्या तोंडाशीच, मेणबत्ती आणि उदबत्ती लावतात. सकाळी आणि संध्याकाळी. संध्याकाळी आम्ही धडा लावलेला असतो. धूर सगळा आत ओढला जात होता.

तो थर ब्रशने उचलला तर खाली दुसरा निघाला. करडा, कोरडा, साधी घरातली धूळ. तो राकेश होता तेव्हाचा. मी पात्यांवर फुंकर मारायला गेले आणि थांबले. मग मारली. धूळ डोळ्यांत गेली. बरंच झालं.

जाळीखालची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून पांढरी पडली होती, ती पुसली, शालिमारच्या दुकानातून आणलेली नवी लावली, सगळं जोडलं. आईंना सांगणं तेवढं राहिलं.

"आई, फोटो जरा हलवायचा का? हॉलमध्ये?"

"का? त्याची बसायची जागा हाय ती."

"धूर आत जातो हो. त्यानंच तापून बंद पडतंय ते."

आक्काबाई चांदवडकडच्या. बोलण्यात कुणाला हार जात नाहीत. पण आता हातातली काडेपेटी बघत हळूच म्हणाल्या, "म्हंजी माझ्याच हातानं त्याचा आवाज बंद पडत व्हता?"

"तसं नाही आई..."

"तसंच हाय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला तर वाटायचं, वास पोचतोय त्याला."

मी त्यांच्या शेजारी टेकले. मग त्याच उठल्या, पाटावर चढून फोटो काढला, काच पदराने पुसली. "चल रे बाबा. तुझ्या पोराला शिकू दे."

संध्याकाळी शेजारच्या भागीबाई आल्या. हॉलमध्ये फोटो बघून त्यांनी विचारलं आणि आईंनी पुन्हा सगळं सांगितलं, जे त्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात. सकाळी चहाला हाक मारली, उठेना, हात लावला तर अंग थंडगार पडलं होतं.

आत मी सुयशला मांडीवर घेऊन धडा लावला. पेन ड्राइव्ह जोडलेला होता, धडे एकेक करून उतरत होते. पंखा नुसता कुजबुजत होता.

"...तेराचे तीन खाली मांडले, आणि हातचा..."

मी पंख्याकडे कान दिला.

"...एक. शाब्बास! विसरायचा नाही हं हातचा. आता सगळ्यांनी पाणी प्या, मी पण पितो." आणि राकेशने तांब्या उचलला. तो पाणी प्यायला हे मीही विसरले होते. गळ्याची घाटी वरखाली झाली. बाहीने तोंड पुसून तो हसला.

सुयश हसला नाही. तो बाहेरचं आजीचं बोलणं ऐकत होता. मग कॅबिनेटला तळहात लावून बघितला, माझ्याकडे वळला.

"आई, बाबा पण थंड झाले होते ना? मग ते पुन्हा चालू का नाही झाले?"