आईचे केस कापताना

मागे.

आई माझ्या सलूनमध्ये पहिल्यांदाच आली आणि खुर्चीत बसायचं सोडून थेट खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आई, आज गिऱ्हाईक तू आहेस."

"ठाऊक आहे गं. खुर्ची बघत होते."

बसली. मी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. हात आत गेले. बरं झालं.

(त्या हातांविषयी: तिच्या दुकानात मी कुणाचेही केस कापले, की गिऱ्हाईक उठायच्या आत ती यायची, "थांबा हं" म्हणायची आणि माझ्या कामावरून स्वतःची कात्री फिरवायची. कधीकधी नुसती हवेत. म्हणून मी वेगळी झाले, हे सलून काढलं. तेव्हापासून फोनवर फक्त "जेवलीस का?")

उजवी बाजू.

"परत ये. पाटीवर तुझंही नाव टाकते."

"आणि माझ्यामागून कात्री फिरवणार नाहीस?"

आईनं माझ्याकडे मान वळवली. मग, "तुझं चुकलं तरी?"

"डोकं हलवू नकोस."

डावी बाजू.

"एवढे दिवे कशाला? विजेचं बिल बघून टक्कल पडेल तुला."

"मला पडू दे. गिऱ्हाइकांना पडू नये म्हणजे झालं."

ती हसली. हसू नये म्हणून ओठ दाबले, तरी हसली.

पुढे.

कापड काढलं. तिनं आरशात पाहिलं आणि हात पुढे केला. कात्रीसाठी. मी त्या हातात हातआरसा दिला.

"डावी बाजू आखूड झालीय."

"झाली नाही, केलीय. तू मान डावीकडे कलती ठेवतेस. जन्मभर लोकांच्या कानांमागे डोकावून."

"काहीतरीच!" तिनं मान ताठ केली. केस तिरके दिसले.

मी झाडू घेतला. मला घाई नव्हती. खालचे केस गोळा होईपर्यंत ती ताठ बसली, मग दमली, आणि मान आपसूक आपल्या जागी आली. केस दोन्हीकडे अगदी एका रेषेत.

तिनं हातआरसा ठेवला.

"म्हणजे परत येत नाहीस."

"नाही. तू येत जा."

दार उघडलं. शेजारच्या शिंपीणबाई आल्या. आई उठली, सवयीनं खुर्चीच्या मागे निघाली, थबकली, बाजूला झाली.

"बसा," ती त्यांना म्हणाली. "आणि मान उगाच ताठ करू नका. हिला सगळं दिसतं."